वायरलेस अलार्म बसवताय? आधी रेडिओची भानगड समजून घ्या (खान्देशातल्या घरांसाठी)

आखाजीला गावाला जायचं असतं, लग्नसराईत घर आठ-आठ दिवस बंद राहतं, मग कोणीतरी सुचवतं की वायरलेस अलार्म लावून टाक ना भो, भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही, तासाभरात काम. किट घरी येतं, सेन्सर चिकटवले जातात, दार उघडलं की सायरन कोकलतो, सगळे खूश. दोन महिन्यांनी मागचं दार सताड उघडलं तरी पॅनल (सेन्सरचं ऐकून सायरन वाजवणारा मुख्य डबा) गप्प, नाहीतर घरात चिटपाखरू नसताना रात्री दोनला बोंब आणि सगळी गल्ली जागी. मग "चायना माल आहे" म्हणून सगळं माळ्यावर जातं.

माल खराब असतो कधीकधी, नाही असं नाही. पण बऱ्याचदा घोटाळा रेडिओचा असतो, म्हणजे सेन्सरने सांगितलेलं पॅनलपर्यंत पोचतच नाही, आणि हे किट बसवतानाच तपासता येतं. तेच इथे क्रमाने सांगतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असायची गरज नाही, एक वही, स्क्रू ड्रायव्हर, दोन बाजूंनी चिकटणारी टेप आणि घरातलं एखादं माणूस मदतीला पाहिजे.

आधी हे एवढं समजून घ्या

स्वस्त किटमधला सेन्सर फक्त बोलतो, ऐकत नाही. शेताच्या एका टोकावरून हाक मारायची आणि कोणी ऐकली की नाही हे न बघता निघून जायचं, तसं. दार उघडलं की तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर आपला कोड सेकंदाच्या काही भागात पटापट चार-सहा वेळा फेकतो आणि झोपून जातो. त्याच क्षणी दुसरं काही त्याच फ्रिक्वेन्सीवर बोंबलत असेल, किंवा मधे लोखंडी कपाट असेल, तर तो कोड गेला. पॅनलला कळत नाही, सेन्सरलाही कळत नाही, आणि तुम्हाला तर नाहीच नाही.

त्यामुळे पॅनल शांत आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे असाही निघतो आणि मागच्या दाराचा सेन्सर महिनाभरापासून मेलेला आहे असाही निघतो, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फरक ओळखता यावा म्हणूनच आहेत.

पायरी १ : विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला काय विचारायचं

रेंज विचारू नका. "शंभर मीटर आहे भाऊ" हे उत्तर ठरलेलं आहे आणि ते मोकळ्या मैदानातलं आहे, तुमच्या घरातलं नाही. त्याऐवजी फ्रिक्वेन्सी विचारा. खोक्यावर किंवा सेन्सरच्या मागे लिहिलेली असते.

आपल्याकडे लायसन न घेता वापरता येणारे जे पट्टे आहेत त्यात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ येतो (इथे ताकद फक्त १० मिलीवॉटपर्यंत, तीही घरातल्या वापरासाठी), दुसरा ८६५ ते ८६८, जो आधी ८६७ पर्यंत होता आणि २०२१ च्या नियमांनी ८६८ पर्यंत वाढला, आणि तिसरा सगळ्यांच्या ओळखीचा २.४ गिगाहर्ट्झ, ज्यावर वायफाय, ब्लूटूथ, झिगबी (स्मार्ट उपकरणं आपसात बोलतात तो रेडिओ) सगळे एकत्र नांदतात. ४३३ वर गर्दी प्रचंड, कारण वायरलेस डोअरबेल, गाड्यांचे रिमोट, गेटचे रिमोट, पंख्यांचे काही रिमोट, सगळे तिथेच. ८६५-८६८ वाला मिळाला आणि बजेटमध्ये बसला तर डोळे झाकून तो घ्या, तिथे गर्दी कमी आहे.

आता एक गोष्ट खास, कारण आपल्याकडे कोणाचा ना कोणाचा भाचा-पुतण्या दुबईला नाहीतर जर्मनीला असतो आणि येताना किट घेऊन येतो. युरोपचे अलार्म साधारण ८६८.० ते ८६८.६ वर चालतात, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या जरासे बाहेर, आणि आपल्याकडे ८६९ पासून वर मोबाईल टॉवरचं प्रक्षेपण सुरू होतं. घरासमोर टॉवर असेल तर पॅनलचा रिसीव्हर बहिरा होऊन बसतो, घर कितीही लहान असो. अमेरिकेतले काही किट ९०२-९२८ मधले असतात, आणि आपल्याकडे ९०० चा मोबाईल बँड तिथे घुसलेला आहे. ते फुकट मिळालं तरी घेऊ नका, कायद्यातही बसत नाही. भारतात कायदेशीर विकलेल्या वायरलेस मालाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते, ती आहे का हे विचारायला लाजू नका.

दुसरा प्रश्न, "टू-वे आहे का?" म्हणजे सेन्सरने कोड पाठवल्यावर पॅनल "मिळाला" असं उलट सांगतं का, आणि नाही मिळाला तर सेन्सर परत पाठवतो का. तिसरा, सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी लावतो का. याला सुपरव्हिजन म्हणतात, म्हणजे सेन्सर गायब झाला तर पॅनल स्वतःहून ओरडतं. चौथा, बॅटरी उतरली तर ते पॅनलवर दिसतं की फक्त सेन्सरवर लाल दिवा लुकलुकतो, कारण बंद घरात तो दिवा बघायला कोण बसलंय.

चारही उत्तरं "नाही" आली तरी किट अगदीच टाकाऊ नाही, पण मग सगळी हजेरी तुम्हाला घ्यावी लागेल, त्याची तयारी ठेवा.

जाता जाता कोडबद्दल. अगदी जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये पीटी२२६२ चिप असते आणि आत छोटे जंपर असतात, आठ जंपर आणि प्रत्येकाच्या तीन जागा म्हणजे ६,५६१ कोड, आणि लोक ते कारखान्यातून आले तसेच ठेवतात. शेजाऱ्याने तेच किट घेतलं की त्याचं दार उघडल्यावर तुमचा सायरन वाजतो. भुताटकी वगैरे काही नाही, जंपर बदला. नंतरच्या ईव्ही१५२७ चिपमध्ये प्रत्येक तुकड्याला वेगळा २० बिटचा कोड असतो, दहा लाखाच्या वर, त्यामुळे शेजाऱ्याशी टक्कर सहसा होत नाही. पण हा कोड कधीच बदलत नाही, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या डुप्लिकेट रिमोटवर तो सहज कॉपी होतो. अलार्म बंद करायचा रिमोट चावीच्या जुडग्याला लावून गावभर फिरू नका, कीपॅडने किंवा ॲपने बंद करा.

पायरी २ : घराचा कच्चा नकाशा काढा

वहीच्या पानावर खोल्या, दारं, खिडक्या काढा आणि मग त्यावर "अडथळे" काढा, खरं काम ते आहे. गोदरेज कपाट, तिजोरी, फ्रिज, पत्र्याची पेटी, धान्याची पत्र्याची कोठी, लोखंडी जिना, चॅनल गेट, छतावरची पाण्याची टाकी, स्वयंपाकघरातला आरसा नाहीतर स्टीलचं रॅक. धातू रेडिओला अडवतो आणि परतवतो, पाणी रेडिओ पिऊन टाकतं.

घराचा प्रकारही लिहा. नवीन आरसीसी बंगला असेल तर दोन मजल्यांमधल्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, वरच्या मजल्यावरचा सेन्सर खालच्या पॅनलला ऐकू येणं हीच पहिली परीक्षा. धाब्याचं घर असेल तर भिंती हात-दीड हात जाड मातीच्या, उन्हाळ्यात त्या कोरड्या असतात तेव्हा सिग्नल जातो, आणि पावसाळ्यात ओल धरली की तोच सिग्नल अर्ध्यात मरतो. पत्र्याच्या शेडमध्ये तर चारही बाजूंनी डबाच असतो. पॅनल आत आणि सेन्सरही आत, तर चालतं, एक आत आणि एक बाहेर असेल तर बहुतेक नाही.

मळ्यातलं घर असेल आणि पंपाच्या खोलीवर सेन्सर लावायचा असेल तर मधल्या पिकाचा विचार करा. रावेर-यावलकडच्या लोकांना हे सांगायला नको, केळीचं खोड म्हणजे निव्वळ पाणी. मृगबागेची लागवड नुकतीच झालेली असताना बसवलेला सेन्सर झकास चालतो, आणि बाग डोक्याच्या वर गेली की हळूहळू बोलेनासा होतो, ओली पानं असली की जास्तच. तिथे एक तर पॅनलचा अँटेना बागेच्या उंचीच्या वर न्यायचा नाहीतर सरळ वायर टाकायची.

पायरी ३ : पॅनलची जागा

बहुतेक लोक पॅनल राउटर आणि कॅमेऱ्याच्या डीव्हीआरच्या शेजारी लावतात, कारण तिथे प्लग असतो. तीच सगळ्यात वाईट जागा. डीव्हीआर, राउटर, सेटटॉप बॉक्स, त्यांचे अडॅप्टर, सगळे थोडाफार रेडिओ कचरा हवेत सोडत असतात आणि पॅनलचा रिसीव्हर त्या कचऱ्यातूनच सेन्सरचा बारीक आवाज शोधत असतो. किमान तीन-चार फूट लांब ठेवा, इन्व्हर्टरपासून त्याहून लांब.

घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, विटांच्या भिंतीवर. कपाटात लपवू नका, चोराला दिसू नये म्हणून तिजोरीच्या मागे तर अजिबात नको. मुख्य दाराशेजारीही नको, कारण आत आलेला माणूस तुमच्या तीस सेकंदांच्या एन्ट्री डिलेमध्ये (दार उघडल्यावर सायरन वाजण्याआधी मिळणारी सवलत) पॅनलच उपटून टाकेल. सायरन वेगळा आणि हात पोचणार नाही असा वर.

अँटेनाची वायर सरळ सोडा. रेडिओ लाटेच्या लांबीचा पाव भाग एवढी ती लागते, ४३३ ला साधारण १७ सेंटीमीटर येते, ८६६ ला साडेआठ-नऊ. बऱ्याच पॅनलमधून तेवढीच एक वायर लोंबकळत असते आणि लोक "छान दिसत नाही" म्हणून गुंडाळून टेप मारतात किंवा कापून टाकतात. तसं करू नका. आणि जीएसएमचा (पॅनलमधल्या मोबाईल सिमचा) अँटेना त्याच्या शेजारी नको. मोबाईल फोन स्पीकरजवळ ठेवल्यावर जी टिक-टिक-टिर्र ऐकू यायची ती आठवा, पॅनल मेसेज पाठवत असताना रिसीव्हरच्या कानात तेच होतं.

पायरी ४ : टेबलावर जोडणी, मग कच्ची चिकटवणी

आधी सगळ्या सेन्सरमध्ये नवीन, चांगल्या कंपनीच्या बॅटऱ्या टाका. किटसोबत आलेल्या बॅटऱ्या किती दिवस गोदामात होत्या देव जाणे. सेन्सर पॅनलला शिकवताना अगदी चिकटवून धरू नका, चार-पाच फूट लांब धरा, खूप जवळून स्वस्त रिसीव्हर दिपून जातो आणि शिकतच नाही.

मग प्रत्येक सेन्सर ठरलेल्या जागी टेपने लावा. ड्रिल आत्ता काढू नका.

लोखंडी दार किंवा चॅनल गेट असेल तर इथे थांबा. दाराच्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि एक रीड स्विच (चुंबक जवळ-लांब झालं की चालू-बंद होणारा) असतो, साधारण एक-दीड सेंटीमीटरच्या अंतरात काम करतो. लोखंडावर थेट चिकटवला तर लोखंड चुंबकाचा जोर खाऊन टाकतं आणि वर सेन्सरच्या अँटेनालाही बिघडवतं, म्हणजे दुहेरी नुकसान. मधे लाकडाची नाहीतर पीव्हीसीची इंचभर पट्टी द्या. दुकानाच्या शटरला घरगुती सेन्सर लावू नका, शटरसाठी मोठ्या अंतराचे वेगळे मिळतात.

पायरी ५ : खरी चाचणी

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायचा आहे.

सकाळी अकराला, सगळी दारं उघडी, इन्व्हर्टर बंद, अशी चाचणी घेतली तर सगळं पास होणारच. घर सगळ्यात वाईट अवस्थेत असताना चाचणी घ्या. संध्याकाळी, सगळ्यांच्या घरात टीव्ही-वायफाय चालू असताना. सगळी दारं आणि कपाटं बंद. मेन स्विच पाडून घर इन्व्हर्टरवर आणा. सगळे एलईडी दिवे लावा, कूलर चालवा. आता एक जण पॅनलपाशी वही घेऊन बसेल आणि दुसरा प्रत्येक सेन्सर दहा वेळा वाजवेल, मधे अर्धा-अर्धा मिनिट सोडून. दहापैकी दहा आले तरच पास. नऊ आले तर तो नापास आहे, जागा बदला. चोर एकदाच दार उघडतो.

पीआयआर म्हणजे हालचालीच्या सेन्सरचा एक गंमतीचा भाग, यात नवखे हमखास फसतात. बॅटरी वाचवण्यासाठी हा सेन्सर एकदा वाजला की काही मिनिटं झोपतो, कोणी समोर नाचलं तरी कोड पाठवत नाही. खोलीत हालचाल पूर्ण थांबली की मगच परत जागा होतो. लोक एकदा हात हलवतात, वाजतो, परत हलवतात, वाजत नाही, आणि म्हणतात रेंज गेली. रेंज कुठेही गेलेली नाही. आतमध्ये टेस्टचा जंपर किंवा बटण असतं, ते लावा, चाचणी झाली की काढा, नाहीतर बॅटरी महिन्याभरात संपेल.

आता माया किती आहे ते बघायचं, म्हणजे सिग्नल जेमतेम पोचतोय की वर काही शिल्लक आहे. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर काम सोपं, तो उणे डीबीएममध्ये असतो, उणे ६० हा उणे ९० पेक्षा चांगला. पॅनलला ऐकू येण्याच्या शेवटच्या पातळीपेक्षा निदान १० डीबी, जमलं तर २० डीबी वर असला पाहिजे. आकडा दिसत नसेल तर देशी उपाय, सेन्सर हातात घेऊन ठरलेल्या जागेच्या अजून पलीकडे जा, कंपाउंडपर्यंत, रस्त्यापर्यंत, आणि तिथून वाजवा. दुप्पट अंतरावरूनही येत असेल तर माया आहे. ठरलेल्या जागेपासून चार पावलं पुढे गेल्यावरच बंद पडत असेल तर आज चाललं म्हणून खूश होऊ नका, पावसाळ्यात किंवा बॅटरी अर्धी झाल्यावर तो बंद पडणार.

नापास झालेल्या सेन्सरसाठी लगेच बूस्टर शोधू नका. आधी तो वीतभर सरकवा. ४३३ ची लाट साधारण ६९ सेंटीमीटर लांब असते, भिंतींवरून परतून आलेल्या लाटा एकमेकींना मिळून घरात ठिकठिकाणी मेलेले ठिपके तयार करतात, आणि सात-आठ इंच सरकवलं की कधीकधी सेन्सर त्यातून बाहेर येतो. मग आडव्याचा उभा करून बघा. तरी नाही तर पॅनल हलवा. मग रिपीटर, म्हणजे मधे बसून सेन्सरचा कोड ऐकून पुढे पाठवणारा डबा. ताकद वाढवणारे जुगाडू ट्रान्समीटर नकोत, १० मिलीवॉटच्या वर गेलात की ते बेकायदेशीर आणि शेजाऱ्यांचे रिमोटही बंद पाडाल.

पायरी ६ : इंटरफेरन्स कुठून येतोय ते शोधणं

आधी लक्षणं बघा. एकच सेन्सर चुकतोय तर दोष त्याच्या जागेचा, बॅटरीचा किंवा शेजारच्या धातूचा. सगळेच एकदम चुकतायत तर कोणीतरी मोठ्याने बोंबलतोय. ठरावीक वेळीच चुकतायत, समजा रोज दिवे लागल्यावर किंवा लाईट गेल्यावर, तर चोर घरातच आहे, म्हणजे एलईडी दिवा, इन्व्हर्टर किंवा एखादा अडॅप्टर.

शोधायची पद्धत अशी. पॅनल त्याच्या आतल्या बॅटरीवर चालू द्या आणि घराचा मेन पाडा, इन्व्हर्टरही बंद करा. आता चाचणी घ्या. सगळं नीट चाललं तर दोष तुमच्याच घरात. एकेक एमसीबी वर करत जा आणि प्रत्येक वेळी तोच सेन्सर वाजवा, ज्या एमसीबीवर गडबड सुरू होईल त्या लाईनवरची उपकरणं एकेक काढा. स्वस्त एलईडी बल्ब आणि बिनानावाचे चार्जर यात पुष्कळदा सापडतात, आणि कधीकधी अलार्मसोबत आलेला अडॅप्टरच दोषी निघतो! जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावून घरभर फिरवा, कचरा टाकणाऱ्या वस्तूजवळ खरखर वाढते. हा पुरावा पक्का नाही, कारण मीडियम वेव्ह वेगळी आणि ४३३ वेगळं, पण संशयित कोण हे कळतं.

मेन पाडूनही गडबड तशीच राहिली तर बाहेरचं काहीतरी आहे, किंवा तुमच्याच घरातली बॅटरीवरची वस्तू. डोअरबेलचं बटण पावसाने किंवा धुळीने दाबलेल्या अवस्थेत अडकलं की ते बॅटरी संपेपर्यंत सतत कोड फेकत बसतं आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांचं ४३३ बंद. खेळण्यांच्या पेटीत पडलेला जुना रिमोट, सोफ्याच्या फटीत दाबला गेलेला गाडीचा रिमोट, हेही तपासा. गल्लीत अजून कोणाच्या गाडीचं लॉक रिमोटने लागत नाहीये का विचारा, दोघा-तिघांनी हो म्हटलं की समजा कोणाच्या तरी दारावर हे चाललंय. एकदा बसून चहा पीत विचारलं की काम होतं, भांडण करायची गरज नाही, त्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतं.

जरा तांत्रिक हात असेल तर आरटीएल-एसडीआर नावाचा यूएसबी डोंगल मिळतो, लॅपटॉपला लावला की ४३३ वर काय काय चाललंय ते स्क्रीनवर डोळ्यांनी दिसतं. सेन्सर वाजला की छोटा ठिपका, अडकलेलं बटण असेल तर अखंड रेघ. डोंगलचा अँटेना घेऊन फिरलात तर रेघ कुठे गडद होते तेही दिसतं. छंद म्हणूनही वाईट नाही.

२.४ गिगाहर्ट्झवालं किट असेल तर भांडण वायफायशी. राउटर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एकावर पक्का करा, ऑटोवर सोडू नका, आणि झिगबीचा हब त्यापासून लांबच्या चॅनलवर न्या. वायफाय १ वर असेल तर झिगबीचं चॅनल २५ निवांत असतं. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात आवाज करतो, पण तो चालू असताना घरात कोणीतरी असतंच, त्याची फार चिंता नको.

मुद्दाम जॅमर लावणारा चोर? होऊ शकतं. भारतात खासगी माणसाने जॅमर ठेवणं-वापरणं बेकायदेशीर आहे, पण चोराला त्याचं काय. पॅनलमध्ये जॅमिंग डिटेक्शन असेल तर चालू करा. मात्र घराघरात अडकलेलं बटण आणि उतरलेली बॅटरी हीच मोठी कारणं आहेत, आधी ती.

पायरी ७ : आपल्या उन्हाळ्याचं काय

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद घर तर भट्टीच. पीआयआर माणसाला त्याच्या उष्णतेवरून ओळखतो, म्हणजे माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक बघतो. भिंतच ३५-३७ ला आली की फरकच उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो. यात रेडिओचा काही दोष नाही, पण लोक रेंजला शिव्या देतात. घेताना तापमान भरपाई असलेला पीआयआर घ्या, साधारण सात फुटांवर लावा, आणि माणूस त्याच्या दिशेने चालत येण्याऐवजी समोरून आडवा जाईल अशा कोपऱ्यात, आडवी हालचाल त्याला चांगली दिसते. तरीही आखाजीच्या आसपास घर बंद ठेवणार असाल तर भिस्त दार-खिडक्यांच्या चुंबकी सेन्सरवर ठेवा.

उलटा त्रासही आहे. कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदा, खिडकीतून येणारी दुपारची तिरीप, आणि भिंगावर बसलेली पाल. रात्री दोनच्या बोंबेमागे बऱ्याचदा पालच असते, भिंगासमोरून इंचावरून गेली की सेन्सरला ती माणसाएवढी दिसते. सेन्सरच्या मागच्या भोकांना सिलिकॉन लावा, मुंग्याही आत जातात.

पॅनलमधली शिशाची बॅटरी उन्हाने लवकर मरते, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. म्हणून पॅनल पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर नको. वर्षातून एकदा मेन काढून पॅनल बॅटरीवर किती तास टिकतं ते बघा. लोडशेडिंग चार तासांचं आणि बॅटरी पाऊण तासाची, असं असेल तर बदला.

पायरी ८ : घराबाहेर निरोप जाणं

सेन्सर ते पॅनल एवढं जमलं तरी पॅनल ते तुमचा मोबाईल बाकी आहे. साधे जीएसएम पॅनल फक्त २जी वर चालतात, आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओचं सिम टाकून "पॅनल खराब आहे" म्हणू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम टाका आणि त्याची व्हॅलिडिटी संपायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. सिमचं रिचार्ज संपलेलं असणं हा प्रकार इतका सर्रास आहे की मी कोणाच्या घरी गेलो तर आधी तेच विचारतो. वायफायवरचं पॅनल असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत ना ते बघा.

पायरी ९ : हजेरी

सुपरव्हिजन आहे असं दुकानदार म्हणाला असेल तर विश्वास ठेवू नका, एका सेन्सरची बॅटरी काढा आणि पॅनल किती वेळाने तक्रार करतं ते बघा. तासाभरात, चार तासांत, ठीक. दुसऱ्या दिवशीही काही नाही तर सुपरव्हिजन नाही किंवा सेटिंगमध्ये बंद आहे.

ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी महिन्यातून एक दिवस ठरवा, अमावस्या म्हणा, पगाराचा दिवस म्हणा, आणि प्रत्येक दार-खिडकी एकदा वाजवून वहीत खूण करा. गावाला निघायच्या आदल्या दिवशी परत, निघायच्या दिवशी नको, बॅगा भरण्याच्या गडबडीत कोणी नीट करत नाही आणि काही बिघडलेलं निघालं तर दुरुस्त करायला वेळही नसतो. बॅटरी बदलली की सेन्सरच्या आत पेनने तारीख लिहा. नवं कपाट आलं, पीओपी झालं, राउटर हलवला, समोर टॉवर उभा राहिला, शेजाऱ्याने सोलर बसवलं (त्याचा इन्व्हर्टरही कधीकधी आवाज करतो), तर पाचव्या पायरीची चाचणी परत.

आणि एवढं करूनही एखादं दार दहापैकी दहा देत नसेल तर त्या एका दारासाठी वायर ओढा. बहुतेक पॅनलमध्ये दोन-चार वायर्ड झोनची जागा असते, साधी दोन तारांची बारीक केबल पट्टीतून नेली की झालं, चुंबकी स्विच स्वस्तात मिळतो, त्याला ना बॅटरी लागते ना फ्रिक्वेन्सी. फक्त ती केबल घराच्या लाईटच्या वायरिंगच्याच पाईपमधून नेऊ नका, वेगळी पट्टी मारा, आणि पॅनलसोबत आलेला छोटा रेझिस्टर पॅनलच्या टोकाला न लावता दाराच्या टोकाला, स्विचपाशी लावा, म्हणजे मधेच कोणी तार कापली किंवा जोडून टाकली तरी पॅनलला कळेल.